डॉक्टर लेआंद्रोचे हातमोजे

स्पेनमधल्या वायादोलिदच्या वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर लेआंद्रो ओचांदिआनो लहानपणापासून हातांचा मळका. शाळेत शाई, सुट्टीत तुती, आणि शिकून मोठा झाल्यावर चांदी. त्याची आई दोन्या तोमासा (तिकडे थोरामोठ्या बायकांना ‘दोन्या’ म्हणतात) म्हणायच्या, बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतर या पोराच्या हातांना स्वच्छ असं काही लागलंच नाही.

चांदीचं प्रकरण असं. लेआंद्रो सकाळी रुग्णांशी बोलायचा, आणि दुपारी वारलेल्या रुग्णांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या द्रावणात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एरवी दह्यासारख्या दिसणाऱ्या त्या कापात एखादीच पेशी काळी व्हायची आणि फांद्या पसरून झाडासारखी उभी राहायची. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तो स्टुलावरून उठून थेट बायकांच्या वॉर्डात पळाला आणि सगळ्यांना बातमी सांगून आला. रुग्णांनी टाळ्या वाजवल्या. वरिष्ठांनी वाजवल्या नाहीत. पेशीबरोबर त्याची बोटंही काळी झाली, आणि ती साबण, लिंबू, वाळू कशालाच दाद देईनात.

ज्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं, त्या एलविराला ती बोटं आवडायची. अडचण होती तिच्या आईची. दोन्या ब्रीखिदांएवढी काळजी करणारी विधवा त्या गल्लीत दुसरी नव्हती. उघड्या खिडकीतून आजार येतो आणि बंद खिडकीत धूर कोंडतो, म्हणून त्यांच्या घरातल्या खिडक्या दिवसभर उघडझाप करत. नोटरीच्या मुलाला त्यांनी कानामागच्या चामखिळीवरून परत पाठवलं होतं. वेड्यांच्या डॉक्टरला मागणी घालायला येऊ देतात हेच पुष्कळ होतं.

"हातमोजे घाल, आणि काढू नकोस," एलविराने बजावलं. "आईने बोटं पाहिली, की लग्न मोडलंच समज."

रविवारी लेआंद्रो पांढरे कातडी हातमोजे घालून आपल्या आईबरोबर एलविराच्या घरी गेला. दोन्या तोमासांनी कंकण पुढे केलं, ते एलविराच्या हातात बसलं, आणि लेआंद्रोला इतका आनंद झाला, की तो दिसेल त्या गोष्टीला हसू लागला. दोन्या ब्रीखिदांनी आपली कॅनरी कशी मेली ते सांगितलं, तरी हसला.

मग चॉकलेट आलं. चमचा उभा राहील असं दाट, आणि बुडवून खायला तळलेल्या पावाचे काप. पहिल्याच घासाला हातमोज्याची दोन बोटं तपकिरी झाली.

"काढा ते, डॉक्टर," दोन्या ब्रीखिदा म्हणाल्या. "कातड्यावरचा डाग जन्मात जात नाही."

लेआंद्रो म्हणाला, मग चॉकलेटच नको. मागणीच्या दिवशी त्या घरचं चॉकलेट नाकारणं म्हणजे मुलगीच नाकारणं. एलविराने त्याला टेबलाखालून लाथ मारली. ती दोन्या तोमासांना लागली, आणि त्या कळवळून ओरडल्या. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून लेआंद्रोने हातमोजे काढले.

दोन्या तोमासा घाईघाईने म्हणाल्या, की रोग नाही, बोटं अगदी निरोगी आहेत. दोन्या ब्रीखिदांनी त्याचा हात खिडकीपाशी ओढत नेला आणि अंगठ्याने घासून पाहिला.

"चांदी," त्या म्हणाल्या. "एलविराचे बाबा फोटो काढायचे. तेव्हा फोटोची काच चांदीच्या पाण्यात बुडवून ओलीच वापरायची. हिच्या बाप्तिस्म्याला त्यांचे हात अस्से होते. पुढे तयार कोरड्या काचा आल्या, तेव्हा कुठे गोरे झाले. हिला ते काळे हात आठवतच नाहीत."

लेआंद्रो पुन्हा हसणार होता, पण त्यांनी हात सोडला नव्हता.

"डाग काढायला त्यांच्याकडे एक बाटली असायची. नुसतं चोळलं की बोटं लोण्यासारखी. थेंब पोटात गेला, की माणूस खलास. एलविराच्या वेळी दिवस गेले, तशी मी ती अंगणात खोल पुरली. तुमच्याकडे आहे ती बाटली?"

"होती," लेआंद्रो म्हणाला. "आमच्यात बहुतेकांकडे असते. पण माझ्या वॉर्डात रुफिना म्हणून एक बाई आहे. बाटली दिसली की तोंडाला लावते. माझी शाई प्यायली, केसांचं तेलसुद्धा प्यायली. वॉर्ड हाती आला त्याच दिवशी मी ते विष काढून टाकलं. तेव्हापासून बोटं अशीच."

"लोक हसत असतील."

"सगळ्यात जास्त रुफिनाच हसते."

दोन्या ब्रीखिदांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि कप पुढे सरकवला.

"चांदीचं काम करून पांढऱ्या हातांनी आला असतास ना, तर ती बाटली घरात आहे असं समजून दाराबाहेर काढलं असतं तुला. खा आता."

लेआंद्रोने खाल्लं, बोलला, आणि बोलता बोलता कपात बोट बुडवून टेबलावरच्या भरतकामाच्या चादरीवर ती झाडासारखी पेशी काढू लागला. फांद्या दोन्या तोमासांच्या बशीपर्यंत गेल्या. चादर दोन्या ब्रीखिदांच्या स्वतःच्या रुखवतातली होती. त्या श्वास रोखून बघत होत्या.

"हे तरी धुऊन निघतं का?"

"हे निघतं, बाई."

"मग थांबलास का? ही फांदी जाते कुठे?"

ते लेआंद्रोलाही नक्की माहीत नव्हतं, आणि तसं त्याने मोठ्या आनंदाने सांगून टाकलं. एलविराने आपलं बोट कपात बुडवलं आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून एक झाड काढायला घेतलं.