कागदावर बरी झालेली मुलगी

त्या मुलीच्या पोटावरचे सहा डाग माझ्या नजरेपुढून आजही हलत नाहीत. पोलीस सेवेत मी खुनाचे अनेक पंचनामे केले. ते पुसट झाले, हे डाग झाले नाहीत.

औरादला आठवडी बाजार होता. त्या दिवशी ठाण्यात गर्दी जास्त, कारण लोक एकाच खेपेत बाजार आणि तक्रार दोन्ही उरकतात. चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन एक शेतकरी बाई आली. मुलीच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप मिटते, ती उघडीच राहिली होती. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया करून घ्यायला आई तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली, तर ती शस्त्रक्रिया आधीच झाल्याची नोंद निघाली आणि तिला परत पाठवण्यात आले.

आमचा हवालदार म्हणाला, "अक्का, आपरेशन झालंय म्हणं की. पेढे कुठायत?"

"कामून हसायलाव, अप्पा? लेकराला चार पावलं चालवंना झालंय, अन् कागद म्हणतंय बरी झाली!"

तिच्या गावात एका खासगी रुग्णालयाने तपासणी शिबिर घेतले होते. तिथे मुलीच्या योजनेच्या कार्डाची प्रत आणि आईचा अंगठा घेतला गेला होता; शस्त्रक्रियेची नोंद त्याच रुग्णालयाची होती. मी गुन्हा नोंदवला आणि नेहमीच्या शिरस्त्याने योजनेच्या कार्यालयाला पत्र धाडले: तपास व खटला पूर्ण होईपर्यंत या कार्डाच्या कोणत्याही नोंदीत बदल करू नये.

योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरावीक कोड असतो. रुग्णालयाचा कारकून तो भरतो आणि सोबत रुग्णाचा फोटो जोडतो. इथे छाती उघडून वाहिनी बांधल्याचा कोड होता. मुलीच्या अंगावर टाक्याची खूणही नव्हती. रुग्णालयाचा व्यवस्थापक शांतपणे म्हणाला, "छाती उघडलीच नाही, साहेब. मांडीतून तार घालून बूच बसवलं. कारकुनाने कोड चुकीचा टाकला, एवढंच. फोटो बघा ना." फोटो गळ्यापासून मांडीपर्यंतचा होता. मांडीवर पट्टी, चेहरा नाही. कारकुनाने मान डोलावली. "व्हय साहेब, माझीच चूक."

तज्ज्ञाचा अहवाल येण्याआधीच उलगडा झाला. महिला शिपाई मुलीच्या अंगावरच्या खुणांची नोंद करत असताना आईने फ्रॉक कमरेशी घट्ट धरला.

"पोट न्हाई दावायचं."

"का?"

"दावलं तर मलाच आत घालताल."

मी तिला शब्द दिला, तेव्हा तिने हात सोडला. बेंबीभोवती बिब्ब्याचे सहा काळे डाग होते. दीड महिन्याची असताना धाप लागते म्हणून आजीने तापलेली सुई बिब्ब्यात खुपसून दिलेले. आमच्या भागात हा उपाय अजून चालतो, आणि दवाखान्यात बोलणी बसतील म्हणून लोक तो लपवतात. फोटोतले पोट मात्र कोरे होते.

मी तो फोटो कारकुनापुढे ठेवला आणि म्हणालो, "यातले डाग दाखव."

त्याने फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "साहेब, आमच्याकडं आधी कोड ठरतंय. मग आमी त्याला कार्ड हुडकायलाव. फोटो एकच हाय, समद्यांना तेच."

निघताना आईने विचारले, "आता आपरेशन होईल न्हव?"

"होईल," मी म्हणालो.

झाले नाही. नोंद रद्द करण्याच्या माझ्या विनंतीला योजनेच्या कार्यालयाचे उत्तर आले: आपल्याच पत्रानुसार सदर नोंद पुरावा आहे, ती रद्द करता येत नाही. मी खुलासा पाठवला, वरिष्ठांना लिहिले, न्यायालयात अर्ज दिला. जो तो माझ्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवत होता. कार्ड मोकळे व्हायला अकरा महिने लागले. तोवर फुप्फुसांवरचा दाब इतका वाढला होता, की आता वाहिनी मिटवणेच जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

आई ठाण्यात आली. या वेळी तिचा आवाज चढला नाही.

"तुमचंच पत्र आडवं आलं म्हणायलेत. व्हय का, साहेब?"

"व्हय," मी म्हणालो.

व्यवस्थापक जामिनावर आहे, रुग्णालय चालू आहे. दोषारोपपत्रात फसवणूक झालेला पक्ष म्हणून शासनाचे नाव आहे. मुलीची आई फक्त साक्षीदार. या मुलीचे जे गेले, त्याला कोणते कलम लागते, हे विचारणारी माझी पत्रे निवृत्तीनंतरही चालू आहेत. पोचपावत्या येतात, उत्तर येत नाही.

नोंदीची प्रमाणित प्रत घेऊन मूळ कार्ड त्याच दिवशी मोकळे करता आले असते. 'उपचार अडवू नयेत', एवढे एक वाक्य पुरले असते. पुरावा जपायचा, हे मला शिकवले होते. तो कोणासाठी जपायचा, हे मी त्या दिवशी विचारले नाही.

त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. मी ती अनेकदा तपासली. तिच्यात कायद्याची चूक एकही नाही.