राउटर चांगला होता

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

महिनाभर माझ्या लॅपटॉपवर वायफाय रेंगाळत होतं, मध्येच तुटत होतं. वायफायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं, लॅपटॉप दादरच्या दुकानात दाखवून आणला. आज मी दहावीचा ऑनलाइन क्लास घेत असताना पुन्हा तेच, आणि एका आईने मुलीला क्लासमधून काढलं.

शेवटी नेटवाल्यांना फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, राउटरवर फक्त तुमच्या लॅपटॉपचा स्पीड कमी करून ठेवलाय."

नवऱ्याला विचारलं.

"मीच केलाय. माझ्या मीटिंग अडकायच्या. तुझं काय, शिकवणीच तर आहे!"

महिनाभर माझी धडपड हा माणूस शेजारी बसून बघत होता.

स्पीड मी पूर्ववत केला. त्याच्याशी बोलावंसं मात्र वाटत नाही. तुमच्या घरी बाईच्या कामाला काम म्हणतात का हो?