काकूंची पेन्सिल आणि चार घरांचा ई-रीडर

कोलकात्यातल्या आमच्या मराठी वाचन मंडळात पुस्तकं कमी आणि किस्से उदंड! पुस्तकं कुणी पुण्याहून आलं की बॅगेतून येतात, तीही भाकरवडी भरून जागा उरली तर. किस्से मात्र इथेच तयार होतात. चहाला आलेला माणूस एक किस्सा ऐकतो आणि जाताना एक घडवून जातो.

मंडळ म्हणजे चार घरं. दामले काकू, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म इथलाच, शाळेत शिकवून निवृत्त. आपटेकाका, ज्यांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत खोकी उघडून तपासण्यात गेली. सुषमा, बँकेत बदलून आलेली, रोज सियालदहहून लोकलने बजबजला जाणारी. आणि मी, तीन वर्षांसाठी येऊन सात वर्षं इथे रमलेला सरकारी माणूस.

नियम ठरलेले. पुस्तकाची एकच प्रत. शेवटच्या पानावर नावांची यादी. प्रत्येक घरी आठ दिवस झाले की पुढच्या घरी रवाना. आणि समासात पेन्सिलीने शेरे मारायची पूर्ण मुभा! काकूंचे शेरे सगळ्यात जहाल. एका कादंबरीत नायिका ऐन दिवाळीत ताज्या कैरीचं लोणचं घालते. तिथे काकूंनी लिहिलं होतं, "लेखकाला कुणीतरी बाजारात न्या!" मी तर कित्येक पुस्तकं त्या शेऱ्यांसाठीच वाचली.

*

एका रविवारी काकूंकडून पुस्तक आलं आणि त्याचे समास कोरे! पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही शेरा नाही.

"इतकं चांगलं आहे?" सुषमाने विचारलं.

"इतकं चांगलं पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही," आपटेकाका म्हणाले. "काकूंच्या डोळ्यांचं काहीतरी झालंय."

तसंच निघालं. छापील अक्षर आता काकूंना दिसेना. "मला यादीतून काढून टाका," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण पेन्सिल त्यांनी डब्यात ठेवून दिली होती. मला फार वाईट वाटलं. काकूंशिवाय आमचं मंडळ म्हणजे नुसता चहा!

तेव्हा ठरलं, अक्षरं हवी तेवढी मोठी होतील असा ई-रीडर मिळून घ्यायचा. काकूंच्या सवयींना साजेसा. आणि तो निवडायला निघालो आम्ही तिघं, आपापल्या सवयी घेऊन!

*

आपटेकाकांनी ओळखीतून एक मोठा टॅब्लेट तपासणीला आणवला. काका कायम उताणे पडून वाचतात आणि तिसऱ्या पानाला घोरायला लागतात. दुसऱ्या दिवशी आले ते नाकावर पट्टी लावून.

"नापास," त्यांनी निकाल दिला. "पुस्तक हातातून पडलं तर पान हरवतं. हा पडला तर नाक हरवतं!"

*

सुषमाने सहकाऱ्याचा छोटा ई-रीडर उसना घेतला. काकूंना कसं दिसेल ते पाहायचं म्हणून अक्षरं भलीमोठी केली आणि बजबज लोकलमध्ये वाचत बसली. दोन स्टेशनं गेल्यावर ती पान उलटणार, तोच शेजारचे धोतरवाले आजोबा ओरडले, "एकटू थामून, शेष लाइनटा होयनि!" म्हणजे, जरा थांबा, माझी शेवटची ओळ राहिलीय!

समोरच्या दोघीही मान वाकडी करून वाचत होत्या. हिंदीमुळे लिपी सगळ्यांनाच येत होती.

"पण आजोबा, मराठी कळतं तुम्हाला?" तिने बंगालीत विचारलं.

"अर्धं कळतं," आजोबा म्हणाले. "बाकिटा आपनार मुख देखे!" बाकीचं तुमचा चेहरा बघून!

अक्षरांचा आकार पास झाला.

*

माझी सवय वेगळी. मी शेवटचं पान आधी वाचतो. कोण जगलं, कोण गेलं हे कळल्याशिवाय मला कादंबरी पचत नाही. सुषमाकडून तो ई-रीडर घेतला, उघडला आणि थेट शेवट गाठला. लगेच पडद्यावर अभिनंदन! वर प्रश्न, पुस्तक कसं वाटलं, किती तारे देणार?

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिलं पान न वाचता पुस्तकावर मत दिलं. सुषमा म्हणाली, "पहिल्यांदा?"

*

शेवटी काकूंनाच दुकानात नेलं. काकू पान उलटताना बोट जिभेला लावतात, साठ वर्षांची सवय. दुकानदाराने आदराने यंत्र पुढे केलं, काकूंनी आदराने बोट ओलं करून पडद्यावर ठेवलं आणि गोष्ट एकदम चार पानं पुढे पळाली!

"अगं बाई! याच्यात लग्न होऊन मूलही झालं!" काकू म्हणाल्या.

दुकानदार बिचारा रुमालाने पडदा पुसत राहिला. मग त्याने आतून दुसरा ई-रीडर आणला. पडदा कागदासारखा, डोळ्यांवर चमक न मारणारा. कडेला पान उलटायची खरीखुरी बटणं, ओल्या बोटानेही चालणारी. अक्षरं मोठी केली तरी मराठी जोडाक्षरं शाबूत. भोवती पांढरी रुंद चौकट. काकूंनी एक पान वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. आम्ही उभेच. चौथ्या पानाला त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जा."

*

सुषमाने त्यात एक नवी कादंबरी भरून दिली. दहा दिवसांनी मी काकूंना फोन केला.

"वाचून झाली," काकू म्हणाल्या.

"वा! मग आता दुसरी भरून देऊ?"

"कशात? तो आपट्यांकडे गेला. आठ दिवस झाले ना!"

काकूंनी अख्खं यंत्र यादीप्रमाणे पुढे पाठवलं होतं! आणि जन्मभर नियमाने वागलेल्या आपटेकाकांनी चकार शब्द न काढता, बसून वाचून, आठव्या दिवशी ते सुषमाकडे पोचवलं. सुषमाने माझ्याकडे. मागे कागदाची पट्टी डिंकाने चिकटवलेली, चार नावांची. पहिलं नाव काकूंचं.

मी उघडलं. या वेळी सवय सोडून पहिल्या पानापासून. पडद्याशेजारी पांढऱ्या चौकटीवर पेन्सिलीने, काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, "इथे लेखक थापा मारतो आहे." खाली आपटेकाका, "सहमत." त्याखाली सुषमा, "मला पटलं बाई!"

पान उलटलं. "इथे लेखक थापा मारतो आहे." पुढचं पान. "इथे लेखक थापा मारतो आहे." नायिकेची आई वारली, तिथेही तेच. सहमत!

मी हसत हसत फोन लावला. "काकू, हा शेरा नक्की कुठल्या पानाचा?"

"दर पानावर दिसतोय ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. तुझं लिही आणि आठ दिवसांत माझ्याकडे पाठव!"