साखळीतला हात

चंदू भोईरांनी पदूला पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्याच शेतात, आणि तेही पाठमोरं. भात झोडून घरी आलं होतं, शेत मोकळं पडलं होतं. अशा वेळी बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीतली कातकरी माणसं बांधावर येत आणि उंदरांची बिळं खणत. बिळात साठलेलं भात त्यांचं, उंदीरही त्यांचे. शेतकऱ्याचं त्यात काही जात नसे, उलट पुढच्या वर्षीची कटकट मिटत असे.

तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा बिळाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. तेवढ्यात भोईरांची शेळी दावं तोडून उधळली आणि त्याच्या पाठीमागून धावली. पोरानं मान वळवली नाही. नुसता डावा हात मागे गेला, आणि शेळीचा मागचा पाय खुराच्या वर त्याच्या मुठीत आला. शेळी पडलीसुद्धा नाही. जागच्या जागी थांबली आणि ओरडली.

दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. पण चंदू दिवसा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी गावच्या कबड्डी मंडळाचे शिक्षक होते. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. घोट्याची पकड शिकवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. हुशार पोरालाही ती यायला दोन वर्षं लागतात, आणि ती डोळ्यांनी नाही, कानांनी करायची असते, हे त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं. करून दाखवणारा मात्र आज भेटला होता.

त्यांनी नाव विचारलं. पदू मुकणे. कबड्डी येते का, म्हणून विचारलं.

“बगतो,” पदू म्हणाला. मंडळाच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं. तो त्याच्या बाहेरून बघत असे.

पदूच्या आईचा, भिकीचा, सुरुवातीला या प्रकाराला विरोध होता. नवरा गेलेला, हाताशी हे एकच पोर. पाय मोडला तर कोण बघणार, असं तिनं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी मी बघेन म्हणून सांगितलं. भिकीनं त्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पोराला धाडलं.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं, की बचाव करणारे गडी एकमेकांचे हात धरून उभे राहतात. याला साखळी म्हणतात. कोपऱ्यावरचा गडी चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेप घेतो, आणि शेजारी त्याचा हात धरून त्याला आत ओढतो. दोघांचं वजन एक झालं तरच समोरचा अडकतो. शेजाऱ्याचा हात सुटला तर कोपऱ्यावरचा गडी एकटा पडतो, आणि एकटा पडलेला कोपरा म्हणजे बाद.

पहिल्याच संध्याकाळी मास्तरांनी पदूला डाव्या कोपऱ्यावर उभं केलं. त्याच्या शेजारी रूपेश, मास्तरांच्या थोरल्या भावाचा मुलगा. साखळी धरा म्हटल्यावर सगळ्यांनी हात धरले. रूपेशनं आपला हात कमरेवर ठेवला.

“हात धर रे,” मास्तर म्हणाले.

“काका, याचा हात घामट आहे,” रूपेश म्हणाला, आणि पोरं हसली.

सगळ्यांचेच हात घामट होते. थोरले भाऊ मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. ते उठून उभे राहिले. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि त्या दिवशी नुसती धावपळ करून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरच्या बाजारात गेले आणि खेळाच्या सामानाच्या दुकानातून मनगटाच्या सात पट्ट्या घेऊन आले. साखळीत आजपासून बोटं नाही, मनगटावरची पट्टी धरायची, बोटं मुरगळत नाहीत, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. पट्टी सगळ्यांना होती, त्यामुळे कुणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. रूपेशनं पदूची पट्टी दोन बोटांत धरली. थोरले भाऊ खुर्चीवर बसले. मास्तरांना आपली ही युक्ती तेव्हा मोठी शहाणपणाची वाटली होती. घरी जेवताना त्यांनी ती वेणूला, म्हणजे बायकोला, कौतुकानं सांगितली. वेणूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग त्या पोराला भात वाढायचं झालं तर तुम्ही काय आणणार?

महिन्याभरात इतर सहा पट्ट्या कुठेकुठे हरवल्या आणि ती सहा पोरं पुन्हा एकमेकांचे हात धरू लागली. पदूची पट्टी तेवढी राहिली. ती झिजली की मास्तर नवी आणून देत.

खेळाचं म्हणाल तर पदूनं मंडळाला नाव मिळवून दिलं. बदलापूर, वांगणी, पार मुरबाडपर्यंतच्या स्पर्धांत त्याचा डावा कोपरा पाहायला माणसं येऊ लागली. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, आणि तेविसाव्या वर्षी एका मोठ्या व्यावसायिक संघानं त्याला दोन हंगामांसाठी घेतलं. स्टेशनबाहेर अभिनंदनाचा फलक लागला. त्यात पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि पदूचा वाटीएवढा होता. तरी भिकी रिक्षा करून तो बघायला आली आणि बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

संघाच्या जाहिरातवाल्यांना पदू फार आवडला. त्यांनी वाडीत येऊन त्याचं चित्रण केलं. अंगाला काळं फासायचं, डोक्याला पानं बांधायची आणि हातात धनुष्य घ्यायचं, असं ठरवून ते आले होते. भिकी म्हणाली, आमच्याकडं टीव्ही हाय, धनुष्य नाय. त्यांनी धनुष्य सोबत आणलं होतं. ते चित्रण सामन्याआधी मोठ्या पडद्यावर दाखवत, आणि प्रेक्षकांतून माकडासारखे आवाज येत. पदू त्या वेळी बुटाची नाडी बांधत बसे.

हे सगळं मास्तरांना फोनवरून कळत होतं. पदू दर रविवारी फोन करायचा. तक्रार म्हणून तो काही सांगत नसे. खोलीतला सोबती दोन दिवसांत खोली बदलून गेला, जेवणाच्या टेबलावर आपण बसलो की बाकीच्यांचं जेवण लवकर संपतं, असं तो हवापाण्याच्या गोष्टींसारखं सांगून जाई. मास्तर म्हणत, “तू खेळाकडे लक्ष दे. पकड बोलली पाहिजे.” हा सल्ला ते तीस वर्षं सगळ्यांना देत आले होते.

दुसऱ्या हंगामात पदूच्या शेजारी कप्तान उन्मेष उभा राहू लागला. पदूच्या मनगटाला पट्टी होतीच. उन्मेषनं पहिल्याच दिवशी ती दोन बोटांत धरली आणि पुढे तशीच धरत राहिला. एका महत्त्वाच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला पदूनं घोटा पकडला. मास्तर घरी टीव्हीसमोर होते. पकड चोख होती. पण उन्मेषच्या बोटांत पट्टी राहिली आणि पदूचा हात मोकळा झाला. चढाईपटूनं त्याला मधल्या रेषेपर्यंत फरफटत नेलं आणि सामना गेला. पदूची घाई नडली, असं समालोचक म्हणाले.

कपडे बदलायच्या खोलीत उन्मेष सगळ्यांदेखत बोलला, “उंदीर धरायची सवय याची. याला माणूस कुठून सापडणार?”

खोली हसली. पदू हसला नाही, भांडलाही नाही. त्या आठवड्यात त्यानं आश्रमशाळेत शिकलेल्या गोल अक्षरात संघाच्या व्यवस्थापकाला एक अर्ज लिहिला. अर्ज चार ओळींचा होता. मला काय बोलतात त्याबद्दल माझं म्हणणं नाही, पण साखळीत माझा हात धरावा, एवढीच विनंती आहे, असं त्यात होतं. हात का धरत नाहीत हे माझे गावचे मास्तर सांगतील, असं लिहून खाली त्यानं चंदू भोईरांचा फोन नंबर दिला होता.

अर्ज चुकून की मुद्दाम बाहेर फुटला आणि एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. मग संघाला चौकशी करणं भाग पडलं. आरोप खरा ठरला तर उन्मेष जाणार, नाही ठरला तर पदू, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्यवस्थापक महेंद्र यांचा फोन बुधवारी सकाळी आला. मास्तर ओटीवर बसले होते. समोर रूपेश चहा पीत होता. तो आता मंडळाचा अध्यक्ष होता, आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याचं घाटत होतं. थोरल्या भावांचा फोटो मागे भिंतीवर होता. मास्तरांना ऐकू कमी येई, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर घेत.

महेंद्र फार सभ्य माणूस. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, “मास्तर, पदूनंच तुमचा नंबर दिलाय. एकच विचारायचं होतं. उन्मेष म्हणतो, हा मनगटाला पट्टी बांधूनच आला, आणि ती धरायची सवय त्याची गावापासूनची. तुमच्याकडे साखळीत त्याची पट्टीच धरायचे का?”

रूपेशनं कप खाली ठेवला.

“पट्टीच,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे तुमच्याकडची तशी पद्धत होती.”

पुढचं वाक्य मास्तरांच्या तोंडात तयार होतं. पद्धत नव्हती, मी ती पाडली, याचा हात कुणी धरीना म्हणून पाडली. रूपेश त्यांच्याकडे बघत नव्हता. तो अंगणातल्या मोटारसायकलकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मास्तरांना वाटलं, हे आत्ता याच्यासमोर कसं बोलायचं? फोन ठेवल्यावर याच घरात राहायचं आहे.

“हो,” ते म्हणाले. “पद्धत होती.”

महेंद्रनी आभार मानले. रूपेशनं उरलेला चहा संपवला आणि काका, येतो, म्हणून गेला. आतून वेणू बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रूपेशचा कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर मांजर्लीला नदीच्या कडेनं लांबवर चालत गेले आणि तिथून त्यांनी महेंद्रना फोन लावला. कालचं माझं बोलणं अर्धं होतं, असं त्यांनी सांगितलं. महेंद्रनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “मास्तर, अहवाल कालच वर गेला. आणि आता तुम्ही बदलून सांगितलंत तर लोक म्हणतील, पोरानं दबाव आणला.” अहवालात लिहिलं होतं की मनगट धरण्याची सवय खेळाडूची स्वतःची असून भेदभावाचा प्रश्न उद्भवत नाही. मास्तरांनी लेखी पत्रही पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

हंगाम संपल्यावर संघानं पदूला सोडलं. पुढच्या लिलावात त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं. पोरगा चांगला आहे पण अर्ज करतो, असं त्याच्याबद्दल पसरलं होतं. कुणी हात वर केला नाही.

मास्तरांना वाडीवर जायला तीन आठवडे लागले. रोज निघायचे आणि काहीतरी काम काढायचे. शेवटी एका सकाळी गेले. भिकी दारात मोहाच्या बिया फोडत बसली होती. तिनं उठून घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि पोराला हाक मारली. पाय मोडला तर मी बघेन, या मास्तरांच्या जुन्या शब्दाची तिनं आठवण काढली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती पुन्हा बिया फोडायला बसली.

पदू आला, बाजूला बसला. मास्तरांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सगळं सांगितलं. फोन कसा आला, समोर कोण होतं, आपण काय म्हणालो. पट्ट्या उल्हासनगरहून का आणल्या, तेही सांगितलं.

“पट्टी का आनली ते मला तवाच म्हाईत व्हतं, मास्तर,” पदू म्हणाला.

“मग माझा नंबर कशाला दिलास?”

पदूनं विचार केला. रागावलेला तो दिसत नव्हता. कुणी रस्ता विचारल्यावर माणूस करतो तेवढाच विचार त्यानं केला.

“मला वाटलं, आता तुमी म्हातारं झालाव. आता तुमाला कुनाचं भ्या असनार?”

भिकीचा दगड बियांवर पडत राहिला. थोड्या वेळानं पदूनं गुडघेदुखी कशी आहे ते विचारलं, आणि उतारावरून त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवायला गेला. वाटेत एका ओहोळावर दगड निसरडे होते. तिथे त्यानं मास्तरांचा हात धरला, पलीकडे गेल्यावर सोडला.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी मंडळ सोडलं. सोडण्याचं खरं कारण त्यांनी रूपेशला सांगितलं, आणि ते त्यानं नि त्याच्या माणसांनी कुठेही पुढे सांगितलं नाही. त्यामुळे गावात वयोमानानं सोडलं असंच समजतात.

पदू आता एकोणतीस वर्षांचा आहे. त्याचं लग्न झालं आहे, एक मुलगी आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. पिंपं ट्रकमध्ये चढवायचं काम त्याच्याकडे आहे, आणि सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी असते.