तेलाबरोबर चालत जाणारे भाऊजी

फोन आला तेव्हा मी भाऊजींसाठी मुगाची पातळ खिचडी डब्यात भरत होते. आमचे हे दवाखान्यातून एवढंच म्हणाले, "डबा आणू नकोस." मला सगळं कळलं. तरीही मी झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेलेसुद्धा... माणूस अशा वेळी शहाण्यासारखं वागत नाही. त्याला आता काही आठवडे झाले. पण दुपारी जरा डोळा लागला की कारेलीबागेतल्या आमच्या घरात तेलाचा मंद वास जिन्याने खाली उतरतोय असं अजून वाटतं. जागी झाले की नुसता पंखा फिरत असतो.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, श्रीधर. आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायचे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कुणी विचारलं की "वहिनींना एकही मुलगी पसंत पडली नाही" असं सांगून सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडायचे. यांचे पूर्वज तलवारी बांधून बडोद्यात आले म्हणे. भाऊजींनी हातात धरला तो पंप. पंप म्हटलं की लोकांना विहीर आठवते. भाऊजींचा पंप मुठीत मावेल एवढा. विजेच्या जाड केबल कापायची हातात धरायची हत्यारं असतात, त्यांच्या पोटात तो बसायचा. बॅटरीवर छोटी मोटर फिरते, करंगळीहून बारीक दट्टे थोडं थोडं तेल पुढे ढकलतात आणि त्या तेलाच्या दाबाने पुढचा जबडा मनगटाएवढी केबल कापतो. जोर हत्तीचा हवा आणि वजन मात्र हाताला पेलेल एवढंच. या दोघांचं जन्माचं भांडण, आणि भाऊजी त्यात पंच. मकरपुऱ्यात त्यांचा लहानसा कारखाना होता, भागीदार जिग्नेशभाई. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

भाऊजींची काम करायची रीत जगावेगळी. दुपारी हिंचक्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि स्वतः तेल होऊन पंपातून चालत जायचे. थट्टा नाही, खरंच. "आता टाकीतून निघालो, वहिनी... इथे वाट अरुंद आहे... या वळणावर अंग घासतंय, इथे तापणार मी." मी भाजी निवडत ऐकायची. सुरुवातीला वाटलं, दिराचं डोकं फिरलं. पुढे सवय झाली, मग गोडी लागली. मेच्या भर दुपारी, पडदे ओढलेल्या त्या खोलीत, मलाही वाटायचं की सोनेरी तेलाने घर हळूहळू भरत चाललंय आणि आम्ही तळाशी निवांत बसलोय... बाहेर स्कूटरचे हॉर्न वाजत असायचे, पण तेही फार वरून, फार लांबून.

एवढे चालूनही एकदा चुकलेच. नवं हत्यार खांबावर काम करणाऱ्या वायरमन लोकांना वापरायला दिलं, आणि तक्रार आली की डोक्यावर धरलं की जबडा अर्ध्यात थांबतो. खाली आणलं की झकास चालतो! कारण कळलं तेव्हा दोघांनी कपाळावर हात मारला. महिनोन्‌महिने त्यांनी पंप टेबलावर उभा ठेवूनच तपासला होता. हत्यार उलटं झालं की टाकीतलं तेल दुसऱ्या बाजूला जातं आणि पंप नुसती हवा ओढतो. भाऊजी त्या वाटेने कितीदा गेले असतील, पण प्रत्येक वेळी टेबलावरूनच निघाले होते. त्या दिवशी ते बैठकीच्या खोलीत जमिनीवर उताणे पडले, हत्यार छातीवर उंच धरून. मी त्यांना ओलांडून ये-जा करत होते.

"वहिनी, मी तेल आहे. उलटा झालोय. आता कुठे जाऊ?"

"आधी जेवायला जा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जिग्नेशभाईंना समजावून द्यायला त्यांनी माझी दुधाची पिशवी पळवली. कोपरा कापला आणि उभी, आडवी, उलटी धरून दाबून दाखवली. पिशवी आक्रसत जाते, हवेला आत जागाच राहत नाही. हत्यारातली टाकी गेली आणि तिच्या जागी रबराची पिशवी आली. दूध गेलं ते गेलंच, आम्ही सगळ्यांनी काळा चहा प्यायला.

मग त्यांचे स्वतःचेच हात जायला लागले. आधी शर्टाची बटणं लागेनात, नंतर कप धरवेना. स्नायूंची ताकद अशीच कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भाऊजी रडले नाहीत, मीच जिन्यात बसून रडले. त्यांना एकच घाई होती. सगळ्यात लहान, सगळ्यात हलका पंप बसवलेल्या हत्याराचा नमुना तयार होत होता. त्याचा साचा एकदा बनला की बदल करता येणार नव्हता, आणि त्याआधी तो त्यांना हातात धरून पास करायचा होता. जिग्नेशभाई नमुना घेऊन आले. भाऊजींनी डोळे मिटून तो पुढे धरला. बघता बघता हात खाली आला.

"तोंडाशी जड आहे, जबड्याकडे," ते म्हणाले.

मी धरून पाहिला, यांनी पाहिला. आम्हाला तो अगदी हलका वाटला. जिग्नेशभाई मला बाहेर घेऊन आले. डोळे भरलेले. "भाभी, वजन बराबर छे. एमनो हाथ ज नथी रह्यो. आ ज पीस काले पाछो लावुं, कहीश के हलको कर्यो. एमने शांति थशे." तोच नमुना परत आणायचा आणि हलका केला म्हणून सांगायचं! प्रेमापोटीच बोलत होते बिचारे, पण माझं डोकं सणकलं. ज्या माणसाने जन्मभर वजनाचीच पारख केली, त्याला वजनाबद्दल खोटं सांगायचं? मी सरळ आत गेले आणि विचारलं, "भाऊजी, हत्यार जड आहे की तुमचा हात गेलाय?"

ते हसले. "हात गेलाय हे मला ठाऊक आहे, वहिनी. म्हणून तर आत्ता धरायचा. कारखान्यात आम्ही ताज्या हाताने धरून बघतो. खांबावर दिवसभर राबलेल्या माणसाचा हात संध्याकाळी असाच होतो... माझ्या हाताला आता सकाळपासूनच संध्याकाळ असते."

जिग्नेशभाई दारात उभे राहून ऐकत होते. तसेच नमुना घेऊन गेले. तोंडाचा भार कमी करायचा तर पंप मुठीच्या मागे सरकवायला हवा, म्हणजे तेलाची सगळी वाट नव्याने काढायची. ती निघाली तोवर भाऊजी दवाखान्यात होते आणि बोलणं बंद झालं होतं. जिग्नेशभाई खाटेशेजारी बसून नव्या वाटेचं एकेक वळण सांगायचे. "हवे डाबी बाजू, श्रीधर... हवे उपर..." आता डावीकडे, आता वर. भाऊजी डोळे मिटून पडलेले असायचे. कुठवर पोचले, कुणास ठाऊक. चेहरा मात्र शांत असायचा.

गेल्या आठवड्यात जिग्नेशभाई नवा नमुना घेऊन आले. "भाभी, पकडो." मी म्हटलं, थांबा. भाऊजी गेल्यापासून वरची खोली मी उघडली नव्हती. ती उघडली. गाद्या गच्चीवर नेऊन झटकल्या, पाण्याच्या बादल्या खालून वर आणल्या, फरशी घासली, लोखंडी कपाट एकटीने ओढून मागची जळमटं काढली. हे म्हणाले, अगं, कामाला बाई तरी बोलव. मी ऐकलं नाही. जिग्नेशभाई नमुना मांडीवर घेऊन पायरीवर बसून होते. ताज्या हाताने धरायचा नाही, हे त्यांना कळलं होतं. शेवटी पेला उचलतानाही हात थरथरायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "आणा आता."

मी ते हत्यार डोक्याच्या वर धरलं. दंडात कळा येत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हत्याराचं तोंड खाली झुकलं नाही.

"आगळथी भारे लागे छे?" जिग्नेशभाईंनी हळूच विचारलं. तोंडाशी जड लागतंय का?

"नाही. साचा करायला टाका."

ते हात पुढे करून उभे राहिले, नमुना परत घ्यायला. मला मात्र तो खाली घ्यावासा वाटेना.