सीलबंद हातमोजे

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही झोप उडवते ती रबरी हातमोज्यांच्या चोरीची एक साधी फिर्याद.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात प्रवराकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सरकारी दवाखान्यातून चार जोड हातमोजे गेल्याची तक्रार आली. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यासमोरच्या चहावाल्याने खबर दिली, की शवविच्छेदनाच्या खोलीतल्या मदतनिसाच्या कुंपणावर ते वाळत आहेत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; हा तर भर उन्हात माल वाळत घालत होता. आम्ही हसलो, पंचनामा केला आणि मुद्देमाल सीलबंद करून ठेवला.

चौकशीत त्याने चोरी लगेच कबूल केली. विकायला घेतले नव्हते, एवढंच म्हणे, पुढे बोलेना. मला ते खोटं वाटलं. मी टेबलावर मूठ आपटली, तरी त्याचं तेच.

तेवढ्यात नदीतून एक प्रेत निघालं. अंगावर वार होते. दवाखान्याबाहेर नातेवाईक जमले, आरडाओरडा सुरू झाला. चिरफाड करणारा हा एकटाच, म्हणून मीच त्याला जीपमधून नेलं.

डॉक्टर दाराशी उभे राहून सांगत आणि लिहीत. प्रेताला हात लावायचा तो याने. पण आज तो सुरीला शिवेना. बाहेरून दारावर थापा पडू लागल्या. मी दरडावलं, तेव्हा त्याने अंगठा पुढे केला. त्यावर ताजी चीर होती.

"साहेब, माझ्या आधी हितं थोरला भाऊ हुता, तुमी बघितलाय. मेलेल्याची बरगडी त्याच्या बोटात घुसली. दोन-तीन महिन्यांत डोळे पिवळे झाले आन् काविळीनं गेला. ती रगतातनं लागती. ते हातमोजे द्या, मंग म्या हात लावतो."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. शिल्लक राहिलेला एकमेव जोड त्यांनी स्वतःच्या हातांत चढवला होता. मदतनिसाला द्यायची तरतूद नाही, असं ते म्हणाले.

मुद्देमालाचं सील कोर्टाच्या परवानगीशिवाय तोडायचं नसतं. मी पुडकं मागवलं आणि दोन पंचांसमोर लाख फोडली. हातमोजे चढवून त्याने काम सुरू केलं.

माझा खुलासा मागवला गेला, ताकीदही मिळाली. माल दवाखान्याच्याच कामात वापरला जात होता, असा अहवाल मी पाठवला. त्याची नोकरी वाचली.

त्या खोलीत मी कितीतरी वेळा नाकाला रुमाल लावून, दोघा भावांना "आटपा लवकर" म्हणत उभा राहिलो होतो. मेलेल्याच्या बोटातली अंगठीसुद्धा मी पंचनाम्यात न चुकता लिहून घेत असे. समोरच्या जिवंत माणसाचे उघडे हात मात्र मला दिसले नव्हते.