वहिनीच्या पायांचा साचा

शहरातल्या कपड्यांच्या दुकानांत काचेमागे ज्या बायका उभ्या असतात, त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या कारखान्यातून गेलेल्या आहेत. चेहरे वेगवेगळे असतात. एखादीची मान वळलेली, एखादीचा हात कमरेवर. पाय मात्र सगळ्यांचे एकच. फार वर्षांपूर्वी एका सकाळी एक मुलगी आली, प्लास्टर सुकेपर्यंत उभी राहिली आणि निघून गेली. तिचं नाव आता कुणाला आठवत नाही. तिच्या पायांचा साचा तेवढा राहिला. ती कुठे असेल, असेल की नसेल, ठाऊक नाही. पण रस्त्यारस्त्यावर ती उभी आहे, आणि आपण इतक्या ठिकाणी उभ्या आहोत याचा तिला पत्ता नाही. या गोष्टीची मला कधी कधी भीती वाटते.

मी या पुतळ्यांचे डोळे रंगवतो. माझी वहिनी त्यांचे पाय घासते. कारखान्यात तिला मीच लावलं, आणि मी वहिनी म्हणतो म्हणून मालकांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणतात. साच्यातून निघालेला फायबरचा पाय खरखरीत असतो. दोन अर्धुकं जुळतात तिथे घोट्यापासून मांडीपर्यंत एक कड उभी राहते. वहिनी ओल्या पॉलिश पेपरने ती कड घालवते. पाय बरोबर झाला की नाही हे पाहायला आमच्याकडे एक फळी असते. फळीच्या कडेला पायाची मागची रेषा कोरलेली. ती पायाला लावून खिडकीकडे धरायची. मधून उजेड दिसला नाही, तर पाय पास.

वहिनीचे स्वतःचे पाय जड. माहेरचे पाय, असं ती म्हणायची. "आमच्याकडे सगळ्यांचं असंच. वर मोजून मोजून दिलं, आणि उरलेलं सगळं खाली ओतून टाकलं." ती हे हसत सांगायची, त्यामुळे ते तिला लागत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बस चालवतो. तो तिच्या पायांना खांब म्हणायचा. तीही त्याच्या पोटाला स्टेपनी म्हणायची. फिटंफाट.

मग खेळाच्या सामानाच्या एका दुकानाची मागणी आली. त्यांना सरळ उभी राहिलेली बाई नको होती. एक पाय पुढे, दोन्ही गुडघे वाकलेले, आता धावणार अशी हवी होती. जुन्या साच्यातून तसं काही निघणं शक्य नव्हतं. नवा साचा करायचा म्हणजे कुणाच्या तरी जिवंत पायांवर प्लास्टर चढवायचं. मालक चहा पिता पिता म्हणाले, "बाहेरची मुलगी शोधायला हवी."

वहिनी पाय घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी राहते उभी."

पॅकिंगच्या बायका हसल्या. मालक हसले नाहीत. ते सभ्य माणूस. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, थोडं वजन उतरवा. मग बघू."

संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "गंमत केलीस ना?"

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या एका मुलीचे पाय घासतेय. माझ्या गुडघ्यापेक्षा तिचा गुडघा मला जास्त माहीत आहे. आता तिची जागा रिकामी होतेय. मला ती हवी."

त्यानंतर मी तिला कधी गंमत केलीस का असं विचारलं नाही.

तिने जेवण तोडलं. आधी रात्रीचं, मग दुपारचंही निम्मं. काकडी आणि पाणी. "हिचं ताट आता घासावंच लागत नाही," दादा म्हणायचा. वजन उतरू लागलं, यात शंका नव्हती. पण ते कुठून उतरावं हे तिच्या मनावर नव्हतं. आधी चेहरा गेला. गालांखाली सावल्या पडल्या. मग गळ्याखालची हाडं वर आली, मनगटातली बांगडी कोपराकडे घसरू लागली. पाय सगळ्यांत शेवटी उतरले, आणि तेही कसे, तर लहान झाले पण बदलले नाहीत. तेच पाय, जरा लांबून पाहिल्यासारखे.

आणि ती एक चूक करत होती, जी फक्त आमच्या कारखान्यातलं माणूस करू शकतं. तिने एक जुनी फळी घरी आणली होती. दार लावून, आरशासमोर उभी राहून, ती फळी स्वतःच्या पायाला लावून बघायची. पुतळ्याची नडगी मुद्दाम लांब ठेवलेली असते, कपडा चांगला दिसावा म्हणून, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिलाही माहीत होतं. तरी ती बघायची. एकदा मला म्हणाली, "उंचीचं सोडा. पण मांडीपाशी तरी उजेड बंद व्हायला हवा की नाही?"

एके दिवशी मालकांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. पॅकिंगच्या दोघींनी तिच्या पायांना तेल चोळलं आणि पडद्याआड प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायला सुरुवात केली. प्लास्टर कालवायचं काम माझ्याकडे. साचे करणारे काका बाहेरून सांगत होते: गुडघा वाकव, अजून, आता हलू नकोस. प्लास्टर घट्ट होताना तापतं. ओलं असताना ते जड असतं, आणि वाकलेल्या गुडघ्यांवर ते सगळं तोलून धरावं लागतं. मी दुसरं भांडं कालवत होतो तेव्हा पडद्याआडून बारीक आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. मग आणखी एक. वहिनीचे पाय थरथरत होते आणि प्लास्टरला तडे जात होते. शेवटी पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली. सगळा साचा तुकडे होऊन जमिनीवर पडला.

"मनाला लावून घेऊ नका," मालक म्हणाले. "दुकानवाले पुढच्या हंगामाचं म्हणतायत. तोवर बघतो कुणी बाहेरचं."

सगळे पांगल्यावर ती स्टुलावर बसून पायांचं प्लास्टर खरवडत राहिली. काका तुकडे गोळा करत होते. त्यांनी विचारलं, "कुणासारखं व्हायला निघालीस गं?"

"तिच्यासारखं. पहिलीसारखं."

"तिचे पाय असे नव्हते."

वहिनीने मान वर केली.

"मांडी मी तासली," काका म्हणाले. "साचा निघाला, त्यातून पाय ओतला आणि मग कानस घेऊन बसलो. मालकांचे वडील शेजारी उभे. अजून घे, अजून घे. पोर चांगली दणकट होती. टपाल वाटायची. तशी नसती, तर उभी तरी राहिली असती का?"

"मग मी इतकी वर्षं काय घासतेय?"

"माझी कानस," काका म्हणाले आणि तुकड्यांची पाटी उचलून गेले.

मी ब्रश धुवत होतो. वहिनी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. समोरच्या मांडणीवर पाय ओळीने टांगलेले होते, गुळगुळीत, सगळे सारखे. तिने ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले. ज्या पायांसाठी ती उपाशी राहिली होती, ते कधी कुणाला नव्हतेच. त्या पायांवर कुणी कधी एक पाऊलही टाकलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी लाँड्रीच्या वर बायकांचं जिम आहे. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती मला घेऊन तिकडे गेली. एकटीला जिना चढायची लाज वाटत होती. तिथली कोच वयाने वहिनीपेक्षा लहान, आवाज मात्र घाटातल्या ट्रकसारखा. तिने विचारलं, "ताई, काय हवंय? वजन कमी करायचंय की ताकद वाढवायचीय?"

"पाय हवेत," वहिनी म्हणाली.

कोच हसली नाही. तिने वहिनीला एका बुटक्या बाकावर बसून हात न टेकता उठायला सांगितलं. वहिनी उठली, पण मधेच अडखळली. "असं बघा," कोच म्हणाली, "चरबी कुठून उतरायची ते शरीर ठरवतं. आपल्याला विचारत नाही. स्नायू कुठे भरायचा तेवढं आपल्या हातात असतं."

"मग बारीक होतील?"

"खोटं कशाला सांगू? वळण येईल. गुडघ्याच्या वर कापल्यासारखी रेघ दिसेल. माप कदाचित वाढेलही. आणि आधी जेवायला लागा. उपाशी माणसाला मी लोखंडाला हात लावू देत नाही."

घरी आल्यावर ती दादासमोर बसली. "अहो, बारीक पाय उभे राहत नाहीत. आणि उभे राहणारे मालकांना नको असतील. काय करू?"

दादाने बराच विचार केल्यासारखं केलं. "उभे राहणारे कर," तो म्हणाला. "बसून राहायला घरात मी आहे."

तिने ताट वाढून घेतलं.

पुढचे महिने मी तिला बदलताना पाहिलं असं म्हणणार नाही. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. चेहरा परत आला. वजनाच्या काट्यावरही बरंचसं परत आलं, आणि त्या दिवशी ती कारखान्यात कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी जिमला मात्र गेली. फळी तिने कारखान्यात आणून जागेवर ठेवली. एकदा पाऊस होता, म्हणून छत्री घेऊन मी तिला आणायला गेलो. दार उघडं होतं. तिच्या खांद्यांवर लोखंडी दांडा होता, दोन्ही बाजूंना चकत्या. ती खाली जात होती, हळूहळू, विहिरीत उतरावं तशी. तळाशी क्षणभर थांबली. त्या क्षणी सगळं जिम थांबल्यासारखं वाटलं. मला वाटलं, आता ही उठणार नाही, माणूस इतक्या खालून उठत नसतं. मग तिच्या मांड्यांत काहीतरी जागं झालं. कातडीखालून एक मोठं जनावर कूस बदलून गेलं, आणि दांडा वर आला. तिचा चेहरा तसाच शांत, भाजी निवडताना असतो तसा. मी दारातून मागे सरकलो. देवळात चुकून चपला घालून शिरल्यासारखं झालं मला.

हंगाम जवळ आला. बाहेरच्या दोन मुली येऊन गेल्या होत्या. दोघीही वाकलेल्या गुडघ्यांनी टिकल्या नाहीत. मालक वैतागले होते. वहिनी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "मला परत एकदा उभं करा." मालकांनी तिच्याकडे पाहिलं. ते काय म्हणणार होते ते कळत होतं. पाय काही त्यांना हवे तसे नव्हते. पण दुसरं कुणी नव्हतं. "बघू एकदा," ते म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही जमलो. या वेळी पट्ट्या लावायला कोच आली होती. मी प्लास्टर कालवू लागलो. वहिनीने एक पाय पुढे टाकला, गुडघे वाकवले आणि थांबली. कोचने घोट्यापासून वर गुंडाळत नेलं. पांढरं प्लास्टर चढत गेलं तशी वहिनी खालून पुतळा होत गेली आणि वरून माणूस राहिली. मांड्यांपर्यंत झाल्यावर पडदा बाजूला केला. प्लास्टर तापू लागलं. तिच्या कपाळावरून घाम निघाला, नाकाच्या शेंड्यावर थांबला. तिने तो पुसला नाही. मी तडा जाण्याचा आवाज ऐकण्यासाठी कान देऊन बसलो होतो. जुना आवाज माझ्या डोक्यात इतका बसला होता की शांतताच मला मोडल्यासारखी वाटत होती. तिची हनुवटी हलली. बोटं हलली. कमरेखाली काहीही हललं नाही. डोंगर असाच उभा असेल, आतून सारखा जोर लावत, आणि बाहेरून नुसता उभा.

काकांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. पोटरी, गुडघा, मांडी. "बसलं," ते म्हणाले.

काकांनी दोन्ही बाजूंनी चिरल्यावर साच्याच्या कडा सुटल्या. पुढचं अर्धुक निघालं, मग मागचं. काकांनी ती दोन्ही खिडकीजवळ ठेवली आणि आम्ही सगळे वाकून आत पाहू लागलो. आत पाय नव्हता. पाय नसल्याची जागा होती. पण त्या जागेत सगळं होतं. पोटरीचा फुगवटा खोल गेलेला. गुडघ्याच्या वरची ती रेघ. कातडीची छिद्रं, मांडीवरच्या ताणाच्या खुणा. इतकी वर्षं मी पुतळ्यांचे डोळे रंगवत आलो, पण एखादं माणूस इतकं पूर्ण, इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मांडी मोठी आहे," मालक म्हणाले.

"आहे," काका म्हणाले.

"किती तासावी लागेल?"

काकांनी वहिनीकडे बोट केलं. "पाय तिचा. तिला विचारा."

वहिनी अजून त्याच पवित्र्यात उभी होती, जणू कुणी तिला सोडलंच नव्हतं. "त्यांना धावणारी बाई हवीय ना?" ती म्हणाली. "ही धावेल. मांडणीवरच्या तुमच्या त्या बाया गल्लीच्या टोकापर्यंत पोचायच्या नाहीत."

मालकांनी साच्यात हात घातला. मांडीच्या पोकळीवरून तळवा हळूच खाली नेला, गुडघ्यापाशी थांबवला आणि पुन्हा वर नेला. मग हात बाहेर काढून त्यांनी रुमालाला पुसला.

"तासू नका," ते काकांना म्हणाले. "असाच ओता."

वहिनीने एकदा साच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, खुर्ची द्या," ती म्हणाली. "आता गेले पाय."

मी खुर्ची सरकवली. ती बसली, आणि तेव्हा कुठे तिचे पाय थरथरू लागले. टाचा जमिनीवर तडतडत होत्या, खुर्ची वाजत होती. तिने मांड्यांवर हात ठेवले नाहीत, त्यांना आवरलं नाही. त्यांच्याकडे बघत ती हसत होती, आणि आम्ही सगळे भोवती उभे होतो, ती थरथर थांबेपर्यंत.